रंगाऱ्याची बोटं

"शिट्टीबाई, खाली दोरीवर तो टॉवेल वाळतोय ना, त्याचा रंग कोणता?"

"हिरवा," मी म्हणाले. "चाला तुम्ही. थांबू नका, घड्याळ चालू आहे."

"हिरवा म्हणे. अहो, हिरवा हा काय रंग झाला? हिरव्याची सतरा पोरं आहेत माझ्याकडे. तो रामा आहे. चार धुण्यांत उतरलेला रामा."

पुंडलिकनाना सुत्रावे चालत होते आणि मी हातात स्टॉपवॉच घेऊन त्यांच्याशेजारून चालत होते. मुलांच्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्याची ती लांबलचक गॅलरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस पावलं, मग वळायचं, पुन्हा चाळीस. दुसऱ्या लाटेतला मे महिना, दुपारचे बारा. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात मी शिजत होते. तोंडापुढच्या काचेवर माझाच श्वास साचायचा आणि समोरचं सगळं आंघोळीनंतरच्या आरशात दिसावं तसं धुरकट दिसायचं. खालच्या गुलमोहराचा लाल डाग, दोरीवरचे कपडे, गॅलरीच्या कठड्याला टेकून बसलेली माणसं, सगळं तरंगत असायचं. त्या दीड महिन्यात मी नीट जागी कधी होते आणि चालता चालता झोपलेली कधी होते, ते आजही मला सांगता येणार नाही.

मी निर्मला गायखे, शाळेत खेळाची शिक्षिका. बावीस वर्षं शिट्टी फुंकली. शाळा बंद पडल्या आणि आमच्या नेमणुका कोविड सेंटरवर झाल्या. बाकीच्या शिक्षकांना फोन आणि याद्या मिळाल्या. माझ्याकडे स्टॉपवॉच आहे हे डॉक्टरांना कळलं आणि माझ्या वाट्याला माणसं चालवणं आलं. बसल्या जागी ऑक्सिजन बरा दिसतो, सहा मिनिटं चालल्यावर उतरतो, आणि उतरला तर समजायचं की आत काहीतरी शिजतंय. पोरांना पळवण्यात जन्म गेला, आता म्हाताऱ्यांना चालवत होते.

आमचं गाव पैठणीचं. घरोघरी माग, आणि मागांना रेशीम रंगवून देणारे रंगारी. नाना रंगारी. अठ्ठावन्न वर्षांचे, काटकुळे, गोड बोलणारे, कुणाचं चुकलं तरी हसून सोडून देणारे. उकळत्या रंगात रेशमाच्या लड्या बुडवून बुडवून त्यांची बोटं नखांसकट निळी-काळी झालेली. हातमोजे घाला म्हटलं की म्हणायचे, "हातमोज्याने रंग कळत नाही हो."

डॉक्टर होते धात्रक. वय सत्तावीस, डोळ्यांखाली काळं, आणि स्वभावाने माझ्यापेक्षा म्हातारे. त्यांनी दोन वह्या केल्या होत्या. तांबडी वही खालच्या मजल्याची, म्हणजे लक्षणं असलेल्यांची. ताप, खोकला, अंगदुखी, जुलाब, वास गेला, चव गेली, सगळं त्यात. हिरवी वही वरच्या मजल्याची. तिथे तपासणीत विषाणू सापडलेला, पण माणूस ठणठणीत. पत्ते खेळायचा, चहा पांचट आहे म्हणून भांडायचा, घरी कधी सोडता विचारायचा. या दोन मजल्यांत नेमका फरक काय, कुणाचा ऑक्सिजन कधी उतरतो, कुणाची नाडी कशी चालते, कोण लवकर बरा होतो, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं.

"मॅडम, खालचे लोक मला स्वतः सांगतात काय होतंय. वरच्यांचं फक्त आकडे सांगतात. म्हणून वरचे आकडे जास्त जपून घ्या."

मी हो म्हणाले होते.

आता रंगाऱ्यांचं काय झालं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्याच आठवड्यात एक तरुण रंगारी आला. त्याच्या निळ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं तर ब्याऐंशी. डॉक्टर हादरले. धावपळ करून गाडी मागवली, त्याला नाशिकला पाठवला. तिथे त्यांनी रक्त काढून तपासलं आणि निघाले अठ्ठ्याण्णव. मशीनचा उजेड रंगातून पार जात नव्हता, एवढंच. पोरगा संध्याकाळी वडापाव खात परत आला आणि डॉक्टरांनी फोनवर चांगलीच बोलणी खाल्ली, की बेड मिळत नसताना तुम्ही धडधाकट माणसं पाठवता. गावभर हसू झालं. तेव्हापासून मशीनने रंगाऱ्याचा आकडा कमी दाखवला की सगळे म्हणायचे, बोटं आहेत ती, बोटं.

डॉक्टरांनी मला सांगितलं, "रंगाऱ्यांची बोटं साबणाने घासून धुवा, मग मशीन लावा. आणि रकाना रिकामा ठेवू नका, तालुक्याहून फोन येतो."

नाना आले त्या दिवशी मी त्यांची बोटं घासली. साबणाने घासली, लिंबाने घासली. तीस वर्षांचा रंग तो, साबणाला काय दाद देतोय. मशीन लावलं, अठ्ठ्याऐंशी. नाना माझ्याकडे बघून हसले, मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांना ताप नाही, खोकला नाही, जेवण व्यवस्थित. मी लिहिलं, अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी मशीन खिशातून काढलंच नाही. लिहिलं, अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. वर नऊ रंगारी होते. नवांपुढे नऊ अठ्ठ्याण्णव. मला त्यात काही वाईट केलं असं वाटतही नव्हतं, हे खरं सांगायला हवं.

नानांची बायको द्वारकाकाकू, घरी दहावीच्या पोरींच्या गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या, खालच्या मजल्यावर होत्या. त्यांना सगळी लक्षणं होती. ताप एकशे दोन, खोकल्याने बरगड्या दुखत, साखरेचा आजार आधीपासून. पण तोंड मात्र शाबूत. खोकता खोकता त्या आयाबायांना शिव्या घालत आणि शिव्या घालता घालता हसवत. सगळा दवाखाना त्यांच्याभोवती फिरायचा. दुपारी जरा ताप उतरला की त्यांना गुलमोहराखाली खुर्चीवर बसू द्यायचे. तेव्हा नाना वरच्या कठड्याला येऊन उभे राहायचे. नवरा वर, बायको खाली, मध्ये ऊन.

"जेवलीस का गं?"

"जेवले. तुमच्यासारखी आयती नाही बसले, खोकायचं काम आहे मला."

"आज काय रंग नेसलीस, सांगू का?"

"सांगा. तेवढंच येतंय तुम्हाला."

आणि नाना सांगायचे. चिंतामणी. गुलबक्षी. अबोली, पण उन्हात ठेवून विटलेली. मुलीने घरून साड्या धुऊन पाठवलेल्या असायच्या, सगळ्या नानांनीच कधी ना कधी रंगवलेल्या. एवढ्या उंचीवरून एकदाही त्यांचं चुकलं नाही. सगळी गॅलरी कान देऊन ऐकायची. त्या दोघांच्या या खेळाने दुपार सुसह्य व्हायची. मी लग्न केलेलं नाही, पण त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी आपली साडी अशी ओळखायला हवी होती.

मला सांगायचाय तो दिवस मंगळवार होता. नानांचा पाचवा दिवस, काकूंचा आठवा. काकूंचा ऑक्सिजन त्र्याण्णववर आला होता आणि ताप हटत नव्हता. साखर चारशेच्या घरात. डॉक्टर सकाळपासून नाशिकला फोन लावत होते. अकरा वाजता त्यांना एक बेड मिळाला. ऑक्सिजनचा, मोठ्या दवाखान्यातला. एकच. गाडी चार वाजता येणार होती. काकूंच्या मुलीने कपड्यांची पिशवीही पाठवून दिली होती.

बारा वाजता मी नानांना चालवायला काढलं. त्या दिवशी ते फार छान होते. सुरुवातीला टॉवेलचं सांगितलं ना, ते त्याच दिवशीचं. रामा अचूक ओळखला त्यांनी. पण पाऊल सावकाश होतं, जत्रेत फिरल्यासारखं. मी म्हटलं, "नाना, जरा झपाझप."

"कशाला?" ते म्हणाले. "किती बरं वाटतंय. अंगात वजनच नाही. लहानपणी बाबा रंगाची भट्टी पेटवायचे ना, तेव्हा वाफेत बसून मला असंच वाटायचं. सगळं दूर दूर. भोंगा वाजतो तोही दूर."

"भोंगा कुठे वाजला?"

"नाही वाजला? मग वाजेल."

मी हसले. मलाही तसंच वाटत होतं हो. पोशाखात चार तास झालेले, पाण्याचा घोट नाही, माझीही पावलं कापसावर पडत होती. आम्ही दोघं जणू झोपेतच त्या गॅलरीतून जात-येत होतो. ऊन खाली उतरत होतं, गुलमोहराचा रंग वर येत होता. सहा मिनिटं संपली. नाना धापा टाकत नव्हते. मी लिहिलं, दम नाही. आधी अठ्ठ्याण्णव, नंतर सत्त्याण्णव. एकाने कमी लिहायचे मी, खरं वाटावं म्हणून.

तेवढ्यात काकू खाली येऊन बसल्या. नाना कठड्याला गेले.

"आज नाशिकला चाललीस म्हणे."

"चालले. चार दिवस सुख भोगून घ्या."

"आज मोतिया नेसलीस. छान दिसतोय तुला."

काकूंनी वर बघितलं. त्यांची साडी डाळिंबी होती. मला, हिरव्याला हिरवा म्हणणारीलाही, एवढं कळत होतं. पिकलेल्या डाळिंबाचा रंग, काठ तेवढे फिके.

"कोणता म्हणालात?"

"मोतिया. सगळंच मोतिया दिसतंय आज. झाडसुद्धा. फार निवांत रंग आहे."

गॅलरीतलं कुणीतरी हसलं, नाना आज हरले म्हणून. काकू हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या, खोकला आला, तो तोंडावर पदर धरून दाबला आणि मला हाताने खाली बोलावलं. जिना उतरताना मला वाटलं, बाईला चक्कर आली असेल.

"बाई," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "ही साडी ह्यांनी माझ्या बहिणीच्या लग्नात रंगवली. डाळिंबी साधत नव्हता, तीन वेळा लड्या फेकल्या होत्या. चाळीस हात अंतरावरून धाग्यातला फरक सांगणारा माणूस आहे तो. त्याला डाळिंबी मोतिया दिसतोय. त्याचं काहीतरी बिघडलंय. जा, नीट बघा त्याला."

"काकू, त्यांना काही होत नाहीये. ताप नाही, खोकला नाही."

"माझं दुखणं बोलकं आहे हो. त्यांचं कधीच बोलत नाही. दाढ किडून गाल सुजला तरी रंग ढवळत बसणारा माणूस. जा म्हणते ना."

मी वर गेले. नाना आपल्या कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. मी समोर बसले आणि खेळाच्या बाईला जे येतं ते केलं. स्टॉपवॉच चालू केलं आणि छातीकडे बघत श्वास मोजले. धावून आलेल्या पोरांचे मोजते तसे. मिनिटाला चौतीस. बसलेला माणूस, चौतीस. मी पुन्हा मोजले. पस्तीस. हसरा चेहरा, आणि खाली छाती पळत होती. इतके दिवस ती माझ्यासमोर पळत होती आणि मला दिसली नव्हती.

ओठ पाहिले. निळसर. मला आधी वाटलं, तेही रंगाचेच असतील. मग माझी मलाच लाज वाटली.

"नाना, पाय पुढे करा."

"पायाचं काय?"

"करा हो."

पायाच्या अंगठ्यावर रंग नसतो. एवढी साधी गोष्ट. डॉक्टरांच्या, माझ्या, नाशिकच्या, कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. सगळं गाव बोटांवर हसत बसलं होतं. मी पायाच्या अंगठ्याला मशीन लावलं. आकडा थोडा वेळ खालीवर नाचला, मग थांबला. एक्क्याऐंशी. दुसऱ्या पायाला लावलं. ऐंशी. शेजारच्या कॉटवर पत्ते खेळणाऱ्याच्या पायाला लावून बघितलं. अठ्ठ्याण्णव.

"काय म्हणतंय?" नानांनी विचारलं.

"झोपू नका," मी म्हणाले. "पालथे पडा आणि माझी वाट बघा."

डॉक्टर खालच्या टेबलावर काकूंचे कागद भरत होते. मी सांगितलं. त्यांनी मान वर न करता हिरवी वही ओढली आणि नानांच्या पानावरून बोट फिरवलं.

"मॅडम, कालपर्यंत अठ्ठ्याण्णव आहे. आज सकाळी अठ्ठ्याण्णव. आत्ता चालल्यावर सत्त्याण्णव. धुतलेल्या बोटांवर घेतलेले आकडे आहेत ना हे? अर्ध्या तासात ऐंशी कसा होईल? पायाला नीट बसत नाही मशीन. रंगारी आहे तो. मागच्या वेळचं विसरलात का?"

"डॉक्टर, श्वास चौतीस आहेत."

"घाबरला असेल. बायको चाललीय त्याची."

त्यांनी वही मिटली आणि पुन्हा काकूंच्या कागदांकडे वळले. मी तिथेच उभी राहिले. खरं सांगते, माझ्या मनात आलं की आपण सांगितलंय, आपलं काम झालं. आता डॉक्टर जाणोत. बावीस वर्षांची नोकरी, एकही शेरा नाही. पोरांनी उडी मारताना रेषेवर पाय दिला तर मी मोजायची नाही, उडी बाद. गावात माझं नावच तसं होतं, गायखेबाईंच्या टेपला लबाडी चालत नाही.

"ते आकडे खोटे आहेत," मी म्हणाले.

डॉक्टरांनी वर बघितलं.

"पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी आला होता. बोटं घासून. मी रंग समजले. तेव्हापासून मी मशीन लावलंच नाही. रोज बसल्या जागी अठ्ठ्याण्णव लिहिलं. नऊही रंगाऱ्यांचं. ती वही माझ्या हाताने खोटी झालीय. पाय खरा आहे, डॉक्टर. वही खोटी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. मी मागून. नानांच्या पायाला त्यांनी स्वतःचं मशीन लावलं, छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले. मग जिन्यात येऊन भिंतीला टेकले.

"दोन्ही बाजू भरल्यात," ते म्हणाले. "हा माणूस चार दिवस बुडतोय आणि त्याला कळत नाहीये. याला आत्ता मोठा ऑक्सिजन नाही मिळाला तर उद्या सकाळ नाही."

"मग पाठवा."

"कुठे? बेड एक आहे, मॅडम."

ही गोष्ट मला तोवर सुचलीच नव्हती. त्या क्षणापर्यंत मी नुसती नानांना वाचवत होते. चार दिवस आधी कळलं असतं तर चार दिवस मिळाले असते. तेव्हा फोन करकरून का होईना, बेड मिळत होते. माझ्या त्या आकड्यांनी ते चार दिवस खाल्ले होते आणि आता दोन माणसं आणि एक बेड उरला होता.

डॉक्टरांनी पुन्हा फोन फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, सहा, नऊ. नाही, नाही, नाही. सगळे म्हणत, परवा बघू. काकू कधी येऊन मागे उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं, खाली टेबलापाशी झालेलं वहीचंही.

"किती आहे माझा?" त्यांनी विचारलं.

"त्र्याण्णव. पण काकू, तुमची साखर, तुमचा ताप..."

"आणि त्यांचा?"

डॉक्टर पुन्हा फोन लावू लागले.

"मी गेली बारा वर्षं दहावीच्या पोरींना गणित शिकवतेय, डॉक्टर. त्र्याण्णव मोठा की ऐंशी?" काकू म्हणाल्या. मग खोकला आला, तो संपल्यावर पुढे म्हणाल्या, "त्यांना न्या. कागदावर नाव बदला. मी परवा जाईन. माझं दुखणं आरडाओरडा करतं, तुम्हाला कळेलच काय होतंय ते."

डॉक्टर म्हणाले, "काकू, परवापर्यंत काय होईल, मी सांगू शकत नाही."

"मी तरी कुठे विचारलं?"

मग त्यांनी मला जवळ ओढलं. एवढ्या जवळ की त्यांच्या तापाची धग माझ्या काचेपर्यंत आली. दोन वाक्यं बोलल्या आणि मी मान हलवून कबूल केलं.

चार वाजता गाडी आली. नानांना स्ट्रेचरवरून खाली आणलं, नाकातोंडावर ऑक्सिजन. ते अजूनही तसेच, गोड, अर्धवट झोपेत. काकू दारात उभ्या राहिल्या.

"तू नाही येत?" नानांनी मास्कच्या आतून विचारलं.

"माझा उतरला ताप. मला जायची गरज नाही म्हणाले. तुम्हीच जा, जरा हवापालट करून या. तिथे नर्सबायांना रंग शिकवत बसू नका."

नाना हसले. दार लागलं. गाडी गुलमोहराच्या सावलीतून वळून गेली आणि काकू तशाच उभ्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 

त्या संध्याकाळी आम्ही उरलेल्या आठ रंगाऱ्यांचे पाय तपासले. आणखी एक जण उतरलेला सापडला, त्याला वेळेत हलवलं. तालुक्याहून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, मी होतं ते लिहून दिलं. डॉक्टरांनी त्यांच्या हिरव्या वहीची ती पानं फाडली नाहीत. त्यावर तिरकी रेघ मारून लिहिलं, ग्राह्य नाहीत. माझ्याशी ते शेवटपर्यंत नीट वागले आणि मला ते फार जड गेलं.

काकूंना परवा बेड मिळाला नाही. तेरवाही नाही. पाचव्या दिवशी मिळाला तेव्हा त्यांचा आकडा अठ्ठ्याहत्तर होता. नाशिकच्या त्याच दवाखान्यात, नानांच्या खालच्या मजल्यावर, त्या अकरा दिवस होत्या. नानांना तेविसाव्या दिवशी घरी सोडलं. तोवर काकूंना जाऊन आठवडा झाला होता.

मी त्यांच्याकडे गेले ती दसऱ्याच्या आधी. त्याआधी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. नाना भट्टीपुढे होते. मोठ्या हंड्यात पाणी उकळत होतं, काठीवर टांगलेल्या लड्या ते हळूहळू फिरवत होते. वाफेत त्यांचा चेहरा कधी दिसायचा, कधी नाही. मला बघून म्हणाले, "या शिट्टीबाई. बसा. वाफेपासून लांब बसा."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगून टाकलं. रोजच्या त्या अठ्ठ्याण्णवचं, सगळं.

"ते ठाऊक आहे मला," नाना म्हणाले. "बोट माझंच होतं ना. त्याला मशीन लागलं नाही, हे मला कळणार नाही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही लावलं असतं आणि आकडा कमी आला असता तर मला नाशिकला पाठवलं असतं. ती खाली खोकत होती. तिला सोडून कुठे जाऊ? आणि खरं सांगू, मला काही होतच नव्हतं. बरं वाटत होतं." ते लडी फिरवत राहिले. "तुम्ही एकट्या नाही चुकलात. मीही गप्प बसलो. वाटून घेऊ."

माझं रडू आवरेना. बावीस वर्षांत मी कुणासमोर रडले नव्हते, त्या भट्टीपुढे रडले. नानांनी रडू दिलं. मग काठी हंड्यावर आडवी ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"बाई, एकच विचारतो. तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांजवळ खरं बोललात, म्हणून तुम्हालाच विचारतो. बाकीचे माझं मन राखतात. मुलगीसुद्धा. त्या गाडीत जायचं नाव कुणाचं होतं? तिची पिशवी भरलेली होती. मी पाहिली होती. तो बेड तिचा होता का?"

त्या दिवशी जिन्यापाशी काकू माझ्या कानात म्हणाल्या होत्या, "त्यांना कळू द्यायचं नाही, बेड माझा होता म्हणून. तुमच्या वहीचं पाप तुम्ही सांगा खुशाल, पण हे कधी सांगायचं नाही, स्वतःला खात बसेल तो माणूस."

डॉक्टर धात्रकांनी आणि काकूंच्या मुलीने तोंड उघडलं नाही. मी आज सांगतेय, कारण नाना गेल्या माघात गेले. झोपेत, शांतपणे, आदल्या दिवशीपर्यंत काम करून. पावणेचार वर्षं मिळाली त्यांना. आता त्यांना कुणी दुखवू शकत नाही.

पण तेव्हा ते माझ्यासमोर उभे होते. माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी काय म्हणेन त्यावर त्यांचं पुढचं सगळं जगणं अवलंबून होतं. शिट्टी, टेप, रेषेवरचा पाय, सगळं मला त्या एका क्षणी आठवलं.

"तिचा नव्हता," मी म्हणाले. "तिची पिशवी दुसऱ्या दवाखान्यासाठी होती, तिथलं मग रद्द झालं. तो बेड डॉक्टरांनी तुमच्याच नावाने मागितला होता. मी कागद पाहिलाय."

नानांनी डोळे मिटले. मग ते हंड्याच्या कडेला खाली बसले, सगळं अंग सैल सोडून.

"मला वाटत होतं, मी तिचा घेतला," ते म्हणाले.

"नाही हो नाना," मी म्हणाले. "तुम्ही कुणाचंच काही घेतलं नाही."